दुपारचं जेवण टूरमध्ये नव्हतं

राजेश्वरी: थांबा भाऊजी. नीट बोला. कुणाला बघितलंत म्हणता?

सयाजी: उदयसिंहला, वहिनी. आपल्या उदयसिंहला.

राजेश्वरी: म्हंजे तुमच्या चुलतभावाला. माझ्या नवऱ्याला. बारा वर्षांमागं जो बोटीवरनं समुद्रात पडला, त्याला.

सयाजी: व्हय.

राजेश्वरी: बँकॉकमधी.

सयाजी: बँकॉकमधीच. ह्या डोळ्यांनी.

ईश्वरी: काका, पाणी घ्या. आई, तू पण बस ना जरा.

राजेश्वरी: मी उभीच बरी. मंगळवारी माझं रजिस्टर लगीन हाय आणि आज गुरवारी ह्यांना माझा मेलेला नवरा दिसलाय. येळ बघ कशी साधलीय.

सयाजी: वहिनी, देवाशपथ सांगतो...

राजेश्वरी: देवाला कशाला मधी घेता? श्यामसुंदररावांशी लगीन ठरल्याचं कळलं तवा माझ्या खानावळीत उभं राहून तुमीच बोललावता, ही बाई भावकीत तोंड दाखवायला जागा ठेवत न्हाई म्हणून. लोखंड बाजारातली चार पोरं जेवत बसलीवती. त्यांनी पण ऐकलं.

सयाजी: बोललो. रागात बोललो. ती गोष्ट येगळी.

राजेश्वरी: आत्याबाईंनी धाडलं का तुम्हाला? खरं सांगा. म्हातारीला सून दुसरं घर करतीया हे बघवत न्हाई, मला म्हाईत हाय.

सयाजी: सुंदराकाकूला अजून कायबी ठावं न्हाई. परवा विमानतळावरनं घरी आलो, दोन रात्री डोळा लागला न्हाई, आणि आज दुकान पोरावर टाकून हितं आलो. सरस्वतीलासुदिक बोललो न्हाई.

ईश्वरी: काकूला पण नाही?

सयाजी: तिला सांगितलं तर संध्याकाळपतोर कळंबोलीभर हुईल, बाळा.

राजेश्वरी: बरं. मग सांगा. सुरवातीपास्नं. कधी, कुठं, कसं.

सयाजी: लोखंडाच्या कंपनीनं आमा डीलर लोकांना न्हेलंवतं, चार दिवस. तिसऱ्या दिवशी ती हाफ डे सिटी टूर. सकाळी आठला हॉटेलवरनं बस. गाईड बाई व्हती, हातात काठी आणि काठीला प्लास्टिकचं सूर्यफूल. ते फूल दिसलं की त्याच्या मागनं चालायचं.

राजेश्वरी: फुलाचं ऱ्हाऊ दे. पयलं कुठं न्हेलं?

सयाजी: सोन्याच्या बुद्धाचं देऊळ. मग झोपल्याला बुद्ध. केवढा म्हणून सांगू, एका टोकाला उभं ऱ्हायलं की दुसरं टोक दिसंना. त्याच्या मागच्या अंगाला वाट्या मांडल्यात रांगेनं, हरेक वाटीत एक एक नाणं टाकत जायचं. म्या पण टाकली. तवा डोक्यात काय सुदिक नव्हतं, वहिनी.

राजेश्वरी: मग?

सयाजी: मग हिऱ्या-माणकांच्या शोरूमला. तितं बसवून ठेवलं दीड तास. कुणी घेईना, आणि ती लोकं सोडीनात. म्हणून मग जेवायला उशीर झाला, बस एका इंडियन हॉटेलापुढं थांबवली, आणि तितं...

राजेश्वरी: थांबा. जेवायला?

सयाजी: व्हय.

राजेश्वरी: ईश्वरी, काकूनं तुला कागद पाठवलावता ना, ह्यांच्या ट्रिपचा? त्यात काय व्हतं तिसऱ्या दिवशी?

ईश्वरी: थांब, बघते. 'हाफ डे सिटी टूर, दुपारी साडेबारापर्यंत हॉटेलवर परत. दुपारचं जेवण ज्याचं त्याने.'

राजेश्वरी: ऐकलंत? दुपारचं जेवण टूरमधी नव्हतंच.

सयाजी: आवो, तेच तर सांगतोय, शोरूममधी उशीर झाला! लोकं गाईडबाईवर वरडाय लागली, मग तिनं बस तिकडं वळवली. ठरल्यालं नव्हतं म्हणूनच तर गाठ पडली. न्हायतर कशाला पडतीया?

ईश्वरी: काका, फोटो दाखवा.

सयाजी: फोटू न्हाई.

ईश्वरी: स्टेटसला तुम्ही नव्वद फोटो टाकलेत. बुद्धाच्या पायाचे चार. टॉयलेटच्या बोर्डाचा पण एक आहे. आणि माझ्या पप्पांचा नाही?

सयाजी: काढलावता.

ईश्वरी: मग?

सयाजी: त्यानं पुसायला लावला.

राजेश्वरी: म्हंजे बोललात. आत्तापतोर तुमी नुसतं 'दिसला' म्हणत व्हता.

सयाजी: बोललो.

राजेश्वरी: बघ, ईश्वरी. एकेक वाढवत चाललेत.

सयाजी: वाढवत न्हाई वो, आतनं काढतोय. सोपं न्हाई. जेवताना मागच्या दारातनं आवाज आला, 'आरं झाकण ठिव की त्येच्यावर.' आपल्या माणदेशातली बोली. बँकॉकात! मला वाटलं असंल कोण तरी सातारचा गडी, भेटू. उठून मागं गेलो. तर ह्यो. ॲपरन घातल्याला, हातात डाव. मला बघितलं आणि डाव खाली ठेवला.

राजेश्वरी: काय म्हणाला?

सयाजी: म्हणाला, 'साहेब, तुमी चुकलाय. मी त्यो न्हवं.' मराठीत म्हणाला, वहिनी.



राजेश्वरी: हाताला काय व्हतं?

सयाजी: डाव्या हाताची करंगळी अर्धी. विहिरीवरच्या मोटरंत गेल्याली, ल्हानपणी.

राजेश्वरी: ते तुम्हाला म्हाईतच हाय. तुमीच त्याला दवाखान्यात न्हेलंवतं. चालताना उजवा खांदा पाडतो, ते पण तुम्हाला म्हाईत. भाऊजी, तुमी जे जे सांगणार, ते तुम्हाला आधीपासनं ठावं असणार. एकाच घरात वाढलात तुमी. मी इश्वास कशावर ठेवू?

सयाजी: मग काय करू सांगा.

राजेश्वरी: मला असं कायतरी सांगा, जे तुम्हाला कळायचं काय कारणच न्हाई.

सयाजी: ...एक गोष्ट हाय. पण त्याचा अर्थ मला बी लागला न्हाई.

राजेश्वरी: सांगा.

सयाजी: बस सुटायच्या येळी मागनं आला. मला कडंला घेतलं. म्हणाला, 'पोरगीला दहावीला ऐंशी टक्के पडलेवते ना?' म्या म्हणलं, तुला कुणी सांगितलं? तर म्हणाला, 'राजीनंच सांगितलं. फोनवर.'

(राजेश्वरी खुर्ची ओढून बसते.)

ईश्वरी: आई? आई, काय झालं?

सयाजी: म्या त्याला म्हणलं, येड्या, ती तर तुला मेला समजून बसलीया, ती कुठला फोन करतीया? त्यावर म्हणाला, 'बस सुटतीया, जा.' वहिनी, ह्येचा अर्थ काय?

राजेश्वरी: फोन मी न्हाई केला. यायचा. पाडव्याला. लांबलचक नंबर असायचा. उचलला की पलीकडनं कोण बोलायचं न्हाई. गाड्यांचा आवाज, भांड्यांचा आवाज.

ईश्वरी: तू कधी सांगितलं नाहीस.

राजेश्वरी: काय सांगू? राँग नंबर आला म्हणून? पयल्या वर्षी शिव्या घातल्या. दुसऱ्या वर्षी ठेवून द्यायला हात हुईना. मग मीच बोलायचे. पोरगी दहावी झाली. खानावळीचं पत्र्याचं छप्पर काढून स्लॅब टाकला. आत्याबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. कुणाला तरी सांगायचं व्हतं, सांगत गेले.

ईश्वरी: म्हणजे तुला माहीत होतं.

राजेश्वरी: न्हाई.

ईश्वरी: आई, कोर्टात तू शपथेवर सांगितलंस, सात वर्षांत काही खबर नाही. मी तुझ्या शेजारी उभी होते. एकोणीस-वीस वर्षांची असेन मी! घरी येऊन त्यांच्या फोटोला हार घातला. तूच आणलास हार.

राजेश्वरी: खबर कुठं व्हती? कुणी 'मी हाय' म्हणलं असतं तर खबर. आवाज न्हाई त्याला मी काय म्हणू? ऐक माझं. कोर्टात जायच्या आधी जो पाडवा आला, तवा मी फोनवर म्हणले, 'पुढल्या महिन्यात मी तुम्हाला मेलेला ठरवणार हाय. बोलायचं आसंल तर आत्ता बोला. एक शब्द बोला, मी वकिलाला नको म्हणते.' फोन कानाला लावून उभी व्हते. डाळ करपली, तरी हलले न्हाई.

ईश्वरी: आणि?

राजेश्वरी: ठेवला त्यानं. परत कधी आला न्हाई.

सयाजी: वहिनी... हे मला ठावं नव्हतं. मला वाटलं, नुसता मीच दोषी.

राजेश्वरी: तुमी कशाला दोषी?

सयाजी: बोटीवर कुक म्हणून म्याच लावलावता त्याला. एजंट माझ्या वळखीचा. बॅग घरी आली तवा 'कपडे त्याचेच' म्हणून सही म्याच केली. बारा वर्षं म्या एकट्यानं त्याला बुडवला असं वाटत व्हतं. तितं त्याला उभा बघितला, तवा खरं सांगू, पयला आनंदच झाला. मिठी मारणार व्हतो. मग म्हणलं, तू घरी का आला न्हाईस रं?

ईश्वरी: काय म्हणाले?

सयाजी: बाळा, तू आत जाऊन...

ईश्वरी: मी चोवीस वर्षांची आहे काका. जासईच्या कंटेनर यार्डात रोज पन्नास ट्रकवाल्यांशी भांडते. सांगा.

सयाजी: बोटीवर मुकादमाशी मारामारी झाली, बंदराला उतरला आणि परत चढलाच न्हाई. कागद बोटीवरच ऱ्हायलं. आधी भीती व्हती, पकडतील म्हणून. मग एका बाईनं जागा दिली, तिच्या भावाच्या हॉटेलात काम दिलं. आता सात वर्षांचा पोरगा हाय त्याला. म्हणाला, 'सयाजी, मी मेलोय तेच बरं हाय. त्यांना तसंच सांग.'

राजेश्वरी: मग तुमी त्याचं का न्हाई ऐकलं?

सयाजी: काय?

राजेश्वरी: तो म्हणाला, मेलोय म्हणून सांग. तुमी इथं येऊन जित्ता म्हणून सांगितलंत. पाच मिन्टांपूर्वी मी रीतसर विधवा व्हते. आता मला म्हाईत झालं. आता मंगळवारी त्या कचेरीत मी कुठल्या तोंडानं सही करू? नवरा हयात न्हाई म्हणून लिहून द्यायला लागतं तितं.

सयाजी: म्हणूनच तर दोन रात्री झोपलो न्हाई. सांगावं तर लगीन मोडतंय. न्हाई सांगावं, आणि उद्या कोण दुसरा डीलर त्या हॉटेलात जेवला, त्यानं वळखला, तर पोलीस तुमच्या दारात. म्हणजे मी तुम्हाला दुसऱ्यांदा बुडवल्यागत. तुमी माझ्यावर संशय घेताय, घ्या. पण लगीन मोडायला न्हाई आलो.

राजेश्वरी: आत्ता इश्वास ठेवते.

ईश्वरी: आई, कोणाला कळणार आहे? काका बोलणार नाहीत. मी बोलणार नाही. कर ना तू सही. त्या माणसाने आपला विचार केला का कधी? त्याला नवीन घर चालतं आणि तुला नाही?

राजेश्वरी: चालंल की. पण चोरून न्हाई. त्यानं चोरून केलं, ते बघतीयस ना कसं झालं? स्वतःच्या भावाला 'मी त्यो न्हवं' म्हणायला लागलं. तसं मला श्यामसुंदररावांच्या घरात बसायचं न्हाई. दार वाजलं की दचकायचं, कुणी सातारचा आला की आत पळायचं.

ईश्वरी: त्यांना सांगितलं आणि ते नाही म्हणाले तर?

राजेश्वरी: तर न्हाई म्हणतील. भाऊजी, तुमी एक करा. आज आत्याबाईंना फोन लावा.

सयाजी: सुंदराकाकूला? ती तर...

राजेश्वरी: पोरगा जित्ता हाय म्हणून सांगा. बाकी काय नको. नातवाचं मागनं सांगा, हळूहळू. ब्याऐंशी वर्षांची हाय ती, आईच्या जिवाला बारा वर्षं घोर लागलाय. ती मला काय काय बोलली असंल, पण हे तिच्यापासनं लपवायचा मला काय अधिकार?

सयाजी: आणि तुमी?

राजेश्वरी: मी घटस्फोट मागीन. मेलेला ठरवायला सात वर्षं थांबले, जित्याकडनं सुटायला आणखी थांबीन. त्या हॉटेलाचा पत्ता लिहून द्या.

सयाजी: देतो. साक्षीला बी येतो.

राजेश्वरी: ईश्वरी, माझा फोन दे. ...हॅलो. मी बोलतीया. कामात हाय का? ...न्हाई, तब्येत बरी हाय. ऐका, मधी बोलू नका, न्हायतर माझ्यानं परत सांगणं हुणार न्हाई. माझा नवरा जिवंत हाय. ...व्हय. बँकॉकला. ...न्हाई, तो येणार न्हाई, त्याचा संसार हाय तिकडं. पण कायद्यानं मी अजून त्याचीच. मंगळवारचं आपलं जमायचं न्हाई. ...किती दिवस लागतील मला ठावं न्हाई. वर्ष, दोन वर्षं. तुमी मोकळे हाय, मी काय मनात धरणार न्हाई. ...हं. ...हं. ...बरं.

ईश्वरी: ठेवला?

राजेश्वरी: ठेवला.

ईश्वरी: काय म्हणाले?

राजेश्वरी: म्हणाले, मंगळवारची सुट्टी मंजूर झालीय, ती कशाला वाया घालवायची. वकिलाकडं जाऊ.