तारेची टोके जाळायला मी सांगितल्याबाबत

नाव जान्हवी सूर्यकांत पाठक, वय ३६ वर्षे, व्यवसाय शिक्षिका (विज्ञान), राहणार हिंगोली. दि. १२ डिसेंबर २०२५.

मी स्वतःहून ठाण्यात हजर राहून सांगते की, मी पुसेगावकडच्या एका माध्यमिक शाळेत अकरा वर्षांपासून दहावीला विज्ञान शिकवते. मला कोणी बोलावले नव्हते. तीन दिवस वाट पाहिली, कोणी बोलावीना, म्हणून आले.

मंगळवारी, दि. ९ रोजी मी वर्गात विजेचा आणि चुंबकाचा संबंध शिकवला. तारेतून वीज गेली की शेजारच्या होकायंत्राची सुई वळते, एवढाच तो प्रयोग आहे. आमच्या प्रयोगशाळेत मोडक्या बाकांचा ढीग आहे, त्यामुळे आजवर मुले पुस्तकातले चित्र पाहूनच पास होत आली. या वर्षी मला ते सहन झाले नाही. होकायंत्र मी घरून नेले. तार मुन्ना यांच्या मोटार रिवायंडिंगच्या दुकानातले उरलेले तुकडे आहेत. तसे त्यांनी लिहून दिले आहे, ते सोबत जोडते.

या तारेवर वार्निश असते. टोकांवरचे काढले नाही तर वीज पुढे जात नाही. शाळेत ब्लेड आणायला बंदी आहे, म्हणून टोके काडीने जाळून पुसून घ्या, असे मी सांगितले. माझी विद्यार्थिनी प्रतिक्षा, वय १५, दुपारी दीडच्या सुट्टीत शाळेमागे तेच करत होती.

तेथून शेतकरी किसनराव चालले होते. त्यांच्या विहिरीवरच्या मोटारीची केबल आदल्या आठवड्यात चोरीला गेली आहे. चोर केबल जाळून तांबे काढतात, हे आमच्याकडे लहान लेकरालाही माहीत आहे. मला ते सुचले नाही, याची मला लाज वाटते. किसनरावांनी विचारल्यावर ती म्हणाली, "सुई हलावी म्हून जाळून राहिले." हे उत्तर पटण्यासारखे नव्हते, मला मान्य आहे. पण मी वीस पावलांवर वर्गात बसले होते. मला विचारायला कोणी आले नाही.

किसनरावांनी तिला तारेसह ठाण्यात आणले. चोरीची केबल अंगठ्याएवढी जाड होती, ही तार शिवायच्या दोऱ्याएवढी आहे. दोन्हींत फरक दिसायला विज्ञान लागत नाही. संध्याकाळी तिला सोडले, गुन्हा नोंदवला नाही, पण गावात चोर म्हणून व्हायचे ते नाव झाले. तिची आई द्वारकाबाई किसनरावांच्याच शेतात खुरपायला जाते. तिने मुलीला शाळेतून काढले आहे. सेल उलटा लावला तर सुई उलटी वळेल का, हे चाळीस जणांत या एकाच मुलीने विचारले होते. ते मी बुधवारी करून दाखवणार होते. बुधवारी ती आली नाही.

आज मी ठाण्यातील टेबलावर प्रयोग करून दाखवला. न जाळलेल्या तारेने सुई हलली नाही, टोके जाळल्यावर हलली. हवालदारांनी पुन्हा करायला लावला. तिसऱ्यांदा त्यांनी स्वतः केला. किसनरावांनाही बोलावून दाखवला. ते "बराबर हाय" एवढेच म्हणाले.

माझ्या मागणीवरून द्वारकाबाईंना बोलावून हा जबाब मोठ्याने वाचून दाखवला. त्यांनी विचारले, "मंग उद्या धाडू का लेकराला शाळेत?"

हवालदार म्हणाले, हे जबाबात येत नाही. मी म्हणाले, येते. 'हो' लिहा आणि त्यावर शिक्का मारा.

वरील सर्व मजकूर मी ऐकला. 'हो' धरून तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.