‘मारा’ म्हणणं कुणाच्या तोंडी आलं

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष माननीय नंदकिशोर दामलेसाहेब, व्यासपीठावरचे पाहुणे होशीसान, सत्कारमूर्ती अस्मिताताई, आणि समोसे कधी येतात म्हणून दाराकडे डोळे लावून बसलेल्या सेंदाईकर मराठी बंधुभगिनींनो,

होशीसानना मराठी कळत नाही, त्यामुळे सभागृहात सध्या ते एकटेच लक्ष देऊन ऐकताहेत.

जपानीत हरणाला ‘शिका’ म्हणतात. पुण्याहून इथे जपानात आलेल्या आमच्या अस्मिताताईंनी तो आदेश समजून इथल्या विद्यापीठात थेट हरणांचाच अभ्यास मांडला. इथवर आपल्या मराठी मंडळाला काही हरकत नव्हती. पण गेल्या वर्षी शिकारीच्या नव्या नियमांचा मसुदा आला आणि कळलं, की कळप आटोक्यात ठेवायला माद्याही माराव्यात, त्याही वर्षभर, ही सूचना ताईंची आहे. झालं! अंडंसुद्धा न खाणारी बाई, आणि हरिणी मारा म्हणते? गणपतीचा प्रसाद यंदा त्यांच्याकडे द्यावा का, यावर आपली रीतसर बैठक झाली. त्या बैठकीत अध्यक्षांनी समतोल भूमिका घेतली, म्हणजे चहा घेतला.

खरी सभा मात्र डोंगरातल्या गावात झाली. गाडी माझी, म्हणून मी हजर. होशीसान तिथल्या शिकाऱ्यांचे म्होरके. त्यांच्या वडिलांपासूनचा रिवाज असा, की नर मारायचा, मादीला हात लावायचा नाही. ताईंनी आकडे मांडले. नर कितीही मारले तरी कळप वाढतोच, जंगलात खायला उरत नाही, मग हिवाळ्यात हरणं उपाशी मरतात. होशीसाननी शांतपणे विचारलं, की तुम्ही मांस खात नाही, बंदूक धरत नाही. मग हे आम्हाला कोणत्या अधिकाराने सांगता?

ताई म्हणाल्या, “अधिकार नाही. उद्या मला सोबत न्या.”

दुसऱ्या दिवशी बर्फात आमची वरात निघाली. पुढे होशीसान, मागे ताई, त्यांच्या मागे थर्मास सांभाळत मी. मी किती वेळा आपटलो हे विचारू नका, माझी बायको समोर बसली आहे.

वरच्या रानात झाडांच्या साली हरणांनी तोंड पोचेल तिथवर खाऊन टाकल्या होत्या. तिथेच एक हरिणी पडली होती. जिवंत होती, पण उठता येत नव्हतं. कातडीखाली हाडं दिसत होती. आम्हाला बघून तिने पाय झाडले आणि मान पुन्हा बर्फावर टाकली.

होशीसाननी बंदूक खांद्याला लावली, आणि खाली घेतली. आयुष्यात त्यांनी मादी मारली नव्हती. ते ताईंकडे वळले आणि म्हणाले, “तुम्ही सांगा.”

मित्रहो, मसुद्यात एखादं वाक्य लिहिणं निराळं, आणि जिवंत डोळ्यांसमोर उभं राहून ते बोलणं निराळं. ताईंनी तिच्या डोळ्यांत पाहिलं. मग अगदी हळू, पण स्पष्ट, त्या म्हणाल्या, “मारा.”

बार झाल्यावर दोघांनीही हात जोडले. ताई तिथेच बर्फात बसून रडल्या. होशीसान बाजूला उभे राहिले. समजूत घालायला गेले नाहीत.

उतरताना ते एवढंच म्हणाले, की माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं, मी विरोध करणार नाही. पण पाडसं दूध पीत असतात ते महिने तेवढे सोडा. ताईंचं सगळं गणित वर्षभराच्या हिशोबावर उभं होतं. तरी त्यांनी हो म्हटलं, आणि सगळं नव्याने मांडलं. त्या सवलतीसकट नियम मंजूर झाला. त्यानंतर मंडळाने ताईंचं अभिनंदन केलं. उशिरा का होईना, आपण बहुमताच्या बाजूने असतोच!

कळप खरंच आटोक्यात येईल का? ते कळायला वर्षं जातील, आणि ताई तर उद्या विदर्भात नीलगायींच्या कामाला निघाल्या. तिथेही कुणीतरी विचारेलच, की ताई, तुम्हाला काय अधिकार? आता त्यांच्याकडे उत्तर आहे.

मघाशी बाहेर होशीसाननी मला विचारलं, की मराठीत निरोप कसा घेतात? मी सांगितलं, आमच्यात जाणारा ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. ते विचारात पडले आणि म्हणाले, “मग कधी येणार, ते विचारून ठेवा.”

ताई, मी विचारलं आहे. उत्तर त्यांना द्या.

मंडळाने मला बोलू दिलं, तुम्ही ऐकलंत, त्याबद्दल मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कुणाच्या शेपटीवर पाय पडला असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. समोसे आले आहेत.