विलायती काठी

महागाची चीज कामाचीच असते म्हणता? मंग ऐका. मी जालन्यात कापसाच्या जिनिंगच्या मॅनेजरसाहेबाची मोटार चालवायचो. साहेबानं गोल्फचा चेंडू भोकात ढकलायला विलायतेहून चांदी मढवलेली काठी मागवली अन् ती दाखवायला निजामाच्या तालुकदारसाहेबाला, म्हंजे जिल्ह्याच्या कलेक्टरला, मैदानावर बोलावलं.

साहेबानं काठी हातात घेतली, तोच तालुकदाराच्या बुटाजवळ नाग फणा काढून उभा राह्यला! तालुकदार जागीच थिजला.

"मारो, जल्दी!" तो पुटपुटला.

साहेब म्हणाला, "काठी वाकेल ना!"

मंग मीच ती हिसकली अन् हाणली. नाग मेला, पण काठी पार वाकली. तालुकदार तडक निघून गेला. साहेबानं वाकडी काठी माझ्या हातून काढून घेतली. वाटलं, नौकरी गेली.

साहेब म्हणाला, "उद्यापासून मोटारीत एक बांबू ठेवत जा."