नवव्या मिनिटाला येणारा गायक

आमच्या बँडचा ठाण्याचा शो सांगितलाय का तुम्हाला? नव्वद-एक्क्याण्णवची गोष्ट असेल. आम्ही चौघे डोंबिवलीचे, प्रोग्रेसिव्ह रॉक वाजवायचो. म्हणजे एकेक गाणं वीस मिनिटांचं आणि त्यात शब्द चार ओळींचे. ठाण्यातल्या एका कॉलेजात शो होता. तो आवडला तर तिथलेच एक सर आमचा पुणे-नाशिकचा दौरा ठरवून देणार होते.

चार वाजले तरी आमचा गायक मंदार गायब. ठाण्यातच माजिवड्याला नोकरीच्या इंटरव्ह्यूला गेलेला. सर म्हणाले, "सुरू करा, नाहीतर हॉल सोडा."

ड्रमर हेमंत म्हणाला, "चल रे, शब्द येतातच नवव्या मिनिटाला. तोवर पोचेल तो."

नववं मिनिट आलं, मंदार नाही. आम्ही तोच तुकडा फिरवून फिरवून वाजवत राहिलो. गिटारच्या तारांनी माझी बोटं सोलली. पंचविसाव्या मिनिटाला मंदार टाय लावून, हातात फाईल घेऊन मागच्या दाराने आला, थेट स्टेजवर चढला आणि फाईलसकट चार ओळी गायला. पोरांना वाटलं, हे बसवलेलंच आहे. टाळ्या थांबेनात.

सर खूश. "दौऱ्यातही असंच करा. या टायवाल्या साहेबांना उशिराच येऊ द्या."

मंदार खाली बघत म्हणाला, "सर, शो रविवारी ठेवाल का? नोकरी लागली मला."

मी हेमंतकडे बघितलं. आता हा भडकणार.

हेमंत म्हणाला, "रविवारीच ठेवा सर. मलाही लागलीय. महिना झाला, यांना सांगायला जीभ रेटत नव्हती."