चार तुकड्यांचा स्वेटर

...आणि वर मलाच म्हणतात, प्रिया, तू टेन्शन फार घेतेस. नको घेऊ तर काय करू, तुम्हीच सांगा ना बायांनो. पोराचं डोकं स्वेटरात अडकलेलं, दोन्ही हात वर, पोट उघडं, बाहेर उणे अठरा, आणि आतून बारीक आवाज येतोय, "मम्मी, इट्स डार्क इन हिअर..." कपिल हो, आमचा. चार वर्षांचा. मराठी सगळं समजतं, पण घाबरला की इंग्लिशच निघतं. आणि त्याच्या पप्पांनी सोफ्यावरून काय म्हणावं? "कात्री आणू का?" अहो, कशाला आणता, स्वेटर कापायला की पोराला?

थांबा, पहिल्यापासून सांगते. स्वेटर विणला आमच्या सासूबाईंनी, नागपुरात बसून. आला कसा? इकडे कॅनडात येणाऱ्या एका ताईंच्या बॅगेतून, तिखटाच्या पुड्याखाली, चार तुकड्यांत. पुढचा एक, मागचा एक, दोन बाह्या. मी म्हटलं आई, हे काय? तर फोनवर म्हणतात, "शिवून तू घे वो. पोरगं तुह्यापाशी, माप तुह्यापाशी, मले तं आता सुईचं नाकबी दिसत नाही."

खरंच दिसत नव्हतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि ऑपरेशनला किती दिवस नुसती टाळाटाळ. शेवटी एका डोळ्याला तयार झाल्या, पण अट घातली. काय अट? "पट्टी सुटली की पयले कपिल्याले माह्या स्वेटरात पाहीन. नीट दिसलं तं दुसरा डोया. नाही तं त्याले कोनाले हात लावू देनार नाही." आता सांगा, सासूचा दुसरा डोळा माझ्या शिवणीवर टांगलेला, टेन्शन घेऊ नको तर काय करू?

पण एक सांगते, मी घाबरले नव्हते. शिकले सातवी, पण माझ्या शिवणीवर कोणी बोट ठेवून दाखवावं. नागपुरात अख्ख्या गल्लीचे ब्लाउज माझ्याकडे यायचे. सासूबाई मला बघायला आल्या ना, तेव्हा नाव विचारायच्या आधी माझी बाही उलटी करून शिवण बघितली त्यांनी. पास झाले म्हणून तर आज इथं स्कारबरोच्या बेसमेंटमध्ये बसलेय.

मग काय, मशीन काढली आणि शिवलं की मी. कसं शिवलं? ब्लाउज शिवते तसं. आत दोन बोटं माया सोडली, पोरगं वाढतं म्हणून. कॉटनचा पक्का दोरा, डबल टीप. तुकड्यांना लांबलांब धागे लोंबत होते, म्हटलं आईंना दिसलं नसेल, कचकच कापून टाकले. पुढच्या बाजूला फिटिंग बसेना म्हणून दोन टक्स घातले. हसताय काय? हो, चार वर्षांच्या पोराला टक्स. आणि वरून कडक इस्त्री. झालं काय, तर बाजू भाजलेल्या पापडासारख्या लाटा लाटा, आणि गळा असा घट्ट, असा घट्ट, की लोकर बिचारी ताणायला तयार, पण दोरा काही ताणेना... मग ते, इट्स डार्क इन हिअर.

ओढून काढला बाहेर, कानासकट. कान लाल झाले म्हणून मी रडले, मी रडले म्हणून तो रडला, आणि त्याचे पप्पा म्हणाले, "आपण विकतचा घालू, आईला काय कळणार?" म्हटलं, वा. चाळीस वर्षं शिवण बघत आलेल्या बाईला, नवीन डोळा लावून, काय कळणार?

मंगळवारी कपिलला लायब्ररीत स्टोरी टाइमला नेते मी. बाजूच्याच टेबलावर विणणाऱ्या बायका बसतात, त्यात एक मार्था म्हणून आहे, सत्तरीची असेल. भीत भीत पिशवी उघडली तिच्यापुढे. तिनं स्वेटर दोन बोटांनी असा उचलला, जसं काही रस्त्यावर सापडलेलं मांजराचं पिल्लू. "ओ हनी... हू डिड धिस?"

मी म्हटलं, "मशीन."

काय करणार? माझ्या शिवणीवर आजवर कोणी बोट ठेवलं नव्हतं, पहिल्यांदाच ठेवलं, तेही इंग्लिशमध्ये. मग बसलो दोघी उसवत. लोकरीत रुतलेला टाका सापडतच नाही हो, केसातली लीख बरी. उसवून झाल्यावर मार्था म्हणते, लांब धागे कुठायत? शिवायसाठी ठेवतात ते, त्याच लोकरीचे. आईंनी मुद्दाम सोडलेले! आणि मी? मी काय सांगू, डस्टबिन?

तेवढ्यात कपिल म्हणतो, "डिनो हॅज इट." बघते तर बॅगेतल्या डायनासोरच्या गळ्यात सगळे धागे गुंडाळलेले, मफलर म्हणून. "मम्मी, डिनो इज कोल्ड." आता डिनोच्या गळ्यातून ते सोडवायचे म्हणजे... शेवटी माझा एक पायमोजा दिला डिनोला, तेव्हा सुटले. मी एका पायात मोजा घालून घरी आले, उणे अठरात.

पण मार्थानं शिकवलं बरं का. मशीन नाही. माया नाही, टक्स तर नाहीच. बोथट सुई, आणि शिवायचं सुलट बाजूनं. दोन टाक्यांच्या मध्ये शिडीच्या पायरीसारखा आडवा धागा असतो, तो इकडून उचलायचा, तिकडून उचलायचा, आणि हळूच ओढायचं. ओढला, आणि दोन्ही कडा अशा मिटल्या... मी बोटानं चाचपत बसले, शिवण गेली कुठं.

मग धुणं. तिखटाचा वास होता ना. कोमट पाण्यात नुसता बुडवायचा, चोळायचा नाही, पिळायचा नाही, टॉवेलात गुंडाळून वर उभं राहायचं. उभी राहिले. पाणी पुसून येते तर स्वेटर गायब, आणि हे ड्रायरचं दार उघडून उभे. "दहा मिनिटांत वाळेल." म्हटलं, खाली ठेवा तो, डिनोला बसेल इतका होईल तो! लोकर आडवी वाळवायची असते. आमच्या घरात आडवी जागा एकच, डायनिंग टेबल. त्यामुळे स्वेटर टेबलावर, आणि आम्ही तिघं खाली जमिनीवर जेवायला.

तिकडे ऑपरेशन झालं, पट्टी सुटली, आणि रविवारी व्हिडिओ कॉल. कपिलच्या डोक्यातून स्वेटर सुळकन खाली, बसला छान. "जय भीम, आजी." सासूबाईंनी काळा चष्मा काढला. बघत राहिल्या. म्हणाल्या, "जवळ आन. अजून जवळ. बाजू दाखव." आणि चेहराच उतरला त्यांचा. "अहो, ऐकता का... फुकट गेलं ऑपरेशन. मले शिवन दिसत नाही. मी दुसरा डोया देनार नाही."

मागून सासरे, धोंडिबा, म्हणतात, "भिंतीवरचं कॅलेंडर वाच." वाचलं. "खालचं बारीक वाच." कॅलेंडर छापणाऱ्याचा फोन नंबरसुद्धा वाचला माऊलीनं, खाटेवरून. आणि मग पुन्हा कपिलकडे बघितलं, किती वेळ...

"म्हंजे डोया चांगला हाय," म्हणाल्या. "प्रिया, बोट ठेवायले जागाच नाही ठेवली वो तू."

बायांनो, लग्नाच्या सात वर्षांत पहिल्यांदा. मी कॅमेऱ्यातून बाजूला झाले, उगाच.

मग मार्थाचं सगळं सांगितलं त्यांना. दुसऱ्या डोळ्याची तारीखही घेतली त्यांनी. आणि म्हणाल्या, "आता मले साफ दिसते. माह्या पोराचा, राजरत्नचा विनते, तुहा विनते, त्या मार्थाबाईचाबी विनते. शिवायची काळजी नाही, तू हाय न. तुकडे पाठोते."

म्हणून सांगते, आमच्याकडे आलात तर स्वागत आहे, पण एप्रिलपर्यंत जेवण खालीच.