हिरवळीवरून

बॉस्टनजवळच्या आमच्या निवासी शाळेत माजी विद्यार्थ्यांचा मेळावा होता. शिंपल्यांच्या सूपच्या रांगेत माझ्यापुढे एक आजोबा आणि त्यांची नात होती.

"आजोबा, टेबलं समोर आहेत. वळसा घालून कुठे निघालात?"

"हिरवळीवरून फक्त शेवटच्या वर्गानं चालायचं. मी त्याआधीच शाळा सोडली."

"साठ वर्षं झाली! आता कोण अडवतंय?"

"मीच. नियम तो नियम."

"मग पुढचाही ऐका. शेवटच्या वर्गातल्यानं हात धरला, तर पाहुण्यालाही चालतं."

"हे कधीपासून?"

"तुमच्या आधीपासून. पहिल्याच वर्षी पाठ करून घेतात. झोपला होतात का? आणि कालपासून मी शेवटच्या वर्गात आहे. धरा हात."

"सूप सांडेल गं."

"सांडू दे."

"बरं. पण सावकाश चल, विनी. साठ वर्षं वाट बघितलीय, लगेच संपवू नकोस."