गादीतला कागद

मंडळी, आज इतके जण जमलात. रहीमचाचा जिवंत होते तेव्हा आठ महिने त्यांच्या ओट्याकडे कुणी फिरकलं नाही. मी एकदा गेलो, तेही मागच्या दारानं. 

एक सकाळ सांगतो. माझी मुलगी खामगावच्या दवाखान्यात बाळंतपणाला अडली होती. मी मंदिरात पोथी वाचतो. तिथली बसायची गादी पिंजायला चाचांकडे नेली. म्हणालो, "चाचा, कापसात पोरीसाठी दुवा लिहून टाका. तुमच्या अक्षरात."

चाचा हसले. "काऊन दादा, तुमचा देव उर्दू वाचते काय?"

"वाचते," मी म्हणालो.

दुपारी तिची सुटका झाली. चाचांनी लिहून कापसात घातलेला कागद मी विसरलो.

पुढं घरोघर पोरं तापानं फणफणली. त्यातच उंदरानं कुरतडलेल्या गादीतून तो कागद निघाला. "करणी हाय बे, दुसरं काय असन!" आज पुढच्या रांगेत बसलेत तेच ओरडले. चाचांचा सलीम म्हणत होता, मी वाचून दाखवतो. त्याला ढकललं. कागद चौकात जाळला. त्यात माझ्या लेकीचं नाव होतं, मंडळी. तो जळाला तेव्हा मला हायसं वाटलं.

ताप कशाचा होता? टाकीच्या पाण्याचा. टाकी धुतली, ताप गेला. चाचांवर ठाण्यात केलेली करणीची तक्रार गेली का? गावानं त्यांच्याकडे कापूस नेणं बंद केलं. मशीन गंजलं. ठाण्याच्या चकरांनी माणूस खचला.

आणि मी गप्प. पोथीवाल्याचाच देवावर भरवसा नाही म्हणतील, एवढ्या भीतीपायी गप्प. मागच्या दारानं गेलो तेव्हा म्हणालो, "चाचा, माझं नाव सांगून टाका."

"दुवा मागणाऱ्याचं नाव मी सांगत नसतो," ते म्हणाले. "तोंड तुमाले बी हाय, दादा."

मला तुमचा राग येतो. माझा त्याहून जास्त येतो. भ्यायलो सगळेच, आणि भोगलं एकट्या चाचांनी.

आता दोन मिनिटं उभे राहू. पण आठ महिने राहिलो तसं गप्प नको. आज सकाळी मी ठाण्यात गेलो. कागद माझ्या सांगण्यावरून लिहिला, माझ्या लेकीसाठी लिहिला, असं लिहून दिलं. खाली सही केली. सलीम, ही त्याची पोच. घे बाबा.

उठा, मंडळी.